बॉम जीझस बॅसिलिका आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालय: जुन्या गोव्यातील एक दिवस कसा आखावा

पणजीहून जुन्या गोव्याला येणारी बहुतेक मंडळी बॉम जीझस बॅसिलिकेत वीस-पंचवीस मिनिटे घालवतात. रांगेत उभे राहून संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेवलेली चांदीची पेटी पाहायची, बाहेर येऊन लाल दगडाच्या दर्शनी भिंतीपुढे फोटो काढायचा, रस्ता ओलांडून से कॅथेड्रलमध्ये डोकावायचे आणि जेवणाच्या वेळेपर्यंत समुद्रकिनारा गाठायचा, असा हा ठरलेला क्रम असतो. पहिल्या दोन खेपांना मीही हेच केले. तिसऱ्या खेपेस पावसाने गाठले म्हणून टेकडीवरच्या सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात आडोशाला शिरलो, दोन तास रमलो आणि छत्री विसरल्याच्या निमित्ताने पुन्हा बॅसिलिकेत आलो, तेव्हा सकाळी ज्या लाकडी प्रवचनपीठाखालून मी मान वर न करता गेलो होतो, त्याच्या तळाशी कोरलेल्या सात मूर्ती मला प्रथमच दिसल्या.

तेव्हापासून पाहुण्यांना मी एकच क्रम सांगतो: सकाळी चर्च, मग संग्रहालय आणि दुपार कलल्यावर पुन्हा चर्च. पुढील सर्व सूचना या क्रमाला धरून आहेत.

जाण्याआधी ठरवायच्या गोष्टी

जुने गोवे पणजीपासून साधारण दहा किलोमीटरवर, मांडवीच्या काठी आहे. पणजीच्या कदंब बसस्थानकावरून बस सतत सुटतात आणि रायबंदरमार्गे जाणारी बस मिळाली तर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेल्या लांबलचक बंधाऱ्यावरून, एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला मिठागरे अशा वाटेने जाता येते. मुंबईहून कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी हे स्थानक सर्वांत जवळचे असून तेथून बॅसिलिका दोन-तीन किलोमीटरवर आहे. स्वतःची गाडी असल्यास ती वाहनतळावर एकदा उभी करून दिवसभर पायीच फिरावे, कारण पाहण्याजोग्या सर्व वास्तू एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

दिवस निवडताना घाई करू नये. बॅसिलिका हे नांदते प्रार्थनास्थळ आहे. साधारणपणे सकाळी ९ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत ती पर्यटकांना खुली असते, पण रविवारी सकाळच्या मिस्सांमुळे, म्हणजे सामूहिक उपासनेमुळे, साडेदहापर्यंत थांबावे लागते. संताचा फेस्त, म्हणजे सण, ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवसांचे नोव्हेना, म्हणजे विशेष प्रार्थना, चालते. त्या काळात गोव्यातील भाविकांचा आणि यात्रेचा माहोल पाहायचा असेल तर अवश्य जावे, मात्र कला निवांत पाहायची असेल तर तो पंधरवडा आणि नाताळचा आठवडा टाळावा. आठवड्यातील कामाचा दिवस आणि जुलै-ऑगस्टमधील पावसाची उघडीप, हा माझ्या मते सर्वांत चांगला योग. संग्रहालयाची सुटी आणि वेळ मात्र निघण्याच्या आदल्या दिवशी विचारून घ्यावी.

येथे एक घोटाळा हमखास होतो. जुन्या गोव्यात ‘म्युझियम’ म्हटले की रिक्षावाले से कॅथेड्रलशेजारच्या, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या मठातील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाकडे बोट दाखवतात. तेथे शिल्पे, वीरगळ आणि पोर्तुगीज गव्हर्नरांची व्यक्तिचित्रे आहेत आणि ते शुक्रवारी बंद असते. आपल्याला जायचे आहे ते सांता मोनिका मठात, म्हणून विचारताना ‘सांता मोनिका’ असेच विचारावे.

कपड्यांबाबत नियम सोपा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. देवळात जायची सवय असलेल्या मराठी माणसाचा हात दारात आपसूक चपलेकडे जातो, पण येथे पादत्राणे काढायची नसतात; टोपी मात्र काढावी. दारापाशी पवित्र पाण्याचे पात्र असते, ते तीर्थ म्हणून पिण्यासाठी नसते. भाविक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात. मिस्सा चालू असताना आत गेलात तर मागच्या बाकावर शांत बसावे, फिरू नये आणि ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहू नये, कारण तो दीक्षित कॅथलिकांसाठीच असतो. तो सर्वांना वाटायचा प्रसाद आहे अशा समजुतीने पुढे झालेले आपले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, पण धर्मगुरूंची अडचण व्हायची ती झालीच.

सोबत पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री आणि शक्य असल्यास लहानशी दुर्बीण घ्यावी. दुर्बीण ऐकून लोक हसतात. पण चांदीची पेटी उंचावर आहे, मुख्य वेदीचा वरचा मजला त्याहूनही उंच आहे आणि फोनचा कॅमेरा अंधारात सोन्याचा नुसता पिवळा डाग टिपतो.

आधी बाहेरून

आवारात शिरल्यावर थेट दाराकडे न जाता प्रथम उत्तरेच्या, म्हणजे से कॅथेड्रलकडच्या बाजूने भिंत न्याहाळावी. भिंतीला तिरपा टेकू देणारे दगडी धिरे तेथे दिसतात. संपूर्ण इमारत जांभ्याची आहे आणि आज तो जांभा उघडा आहे. गोव्यातील इतर चर्चे चुन्याच्या गिलाव्याने पांढरीशुभ्र असताना हीच लाल का, हा प्रश्न येथे पडलाच पाहिजे. मूळची हीसुद्धा गिलावा केलेली होती. एकोणीसशे पन्नासच्या दशकात, पोर्तुगीज अंमल असतानाच, जीर्णोद्धाराच्या नावाखाली बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला आणि तेव्हापासून ही वास्तू उघड्या अंगाने पाऊस झेलते आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर कडक होतो, पण कोकणातील ज्या कोणाचे जांभ्याचे घर आहे त्याला माहीत आहे की पागोळ्यांखाली गिलाव्याविना राहिलेला चिरा काही वर्षांत भुसभुशीत होऊ लागतो. गिलावा परत करावा की लाल रूप तसेच ठेवावे, यावर वाद आहे. जी ओळख पोस्टकार्डांवर रुळली ती मोडायला मन होत नाही. माझे मत गिलाव्याच्या बाजूने आहे. भिंतीला हात लावून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. बोटाला लागणारी लाल भुकटी ही चारशे वर्षांची भिंतच असते.

आता पश्चिमेकडे, दर्शनी भिंतीसमोर यावे. पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी झाली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते चर्चचे पवित्रीकरण झाले. तळाशी तीन दारे, त्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्याहून वर तीन गोल खिडक्या आणि माथ्यावर कोरीव चौकट, अशी ही चढण आहे. लाल जांभ्याच्या अंगावर खांब, कमानी आणि नक्षीचे पट्टे मात्र काळ्या दगडात आहेत. जांभ्यात बारीक कोरीव काम टिकत नाही, म्हणून हा काळा पाषाण वसईहून समुद्रमार्गे आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि तेथील चर्चच्या घंटा भीमाशंकरसारख्या देवस्थानांत गेल्या, हे आपल्याकडे अनेकांना माहीत असते. त्याच वसईचा दगड येथे या भिंतीत बसला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

माथ्यावरच्या चौकटीत जी तीन रोमन अक्षरे दिसतात, ती ग्रीक लिपीतील येशूच्या नावाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून आली आहेत आणि लॅटिनमध्ये त्यांचा विस्तार ‘येशू, मानवांचा तारणहार’ असाही करतात. हे जेझुइट संघाचे, म्हणजे हे चर्च ज्यांचे त्या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचे, बोधचिन्ह आहे. ते नीट लक्षात ठेवावे, कारण आत गेल्यावर ते पुन्हा भेटणार आहे.

या इमारतीला सर्रास बरोक, म्हणजे सतराव्या शतकात बहरलेल्या भव्य, नाट्यमय शैलीची, म्हटले जाते. अनियमित आकाराच्या मोत्याला पोर्तुगीजमध्ये जो शब्द होता त्यावरून हे नाव पडले, असे मानतात. काटेकोर पाहिल्यास दर्शनी भिंत अजून आधीच्या रेनेसाँस शिस्तीची आहे: खांब आपापल्या जागी, मजले मोजके, सगळे तोलून धरलेले. खरा बरोक आत आहे. हा फरक मनाशी धरून दारातून आत गेले की पहिल्याच दृश्यात तो कळतो.

आत गेल्यावर

डोक्यावर गायनवृंदाचा सज्जा आहे आणि तो ज्या खांबांवर उभा आहे त्यांत पायाभरणीच्या व पवित्रीकरणाच्या तारखा कोरलेल्या शिळा बसवलेल्या आहेत, एक पोर्तुगीजमध्ये आणि एक लॅटिनमध्ये. उजवीकडे संत अंतोनीची वेदी आणि डावीकडे संत फ्रान्सिस झेवियर यांची लाकडी मूर्ती आहे. येथे दोन मिनिटे थांबावे, म्हणजे बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावतात.

समोरचे दालन एकसंध आहे, मधे खांबांच्या रांगा नाहीत. जेझुइटांचा भर प्रवचनावर होता. मागच्या माणसालाही वेदी दिसावी आणि शब्द ऐकू जावेत अशी ही रचना आहे. भिंती बऱ्याच अंशी साध्या ठेवल्या आहेत आणि सगळे वैभव टोकाला साठवले आहे. मधल्या बाकांच्या वाटेने सावकाश पुढे जात असताना ती सोनेरी वेदी हळूहळू मोठी होत जाते, हाच बरोकचा डाव आहे. या कलेला प्रेक्षक चालता हवा असतो.

वाटेत डाव्या भिंतीवर दों जेरोनिमो मास्कारेन्यस यांचे स्मारक दिसते. हे कोचीनचे कप्तान होते, १५९३ साली वारले आणि त्यांनी ठेवलेल्या संपत्तीतून या चर्चचा खर्च भागला. त्याच्या बरोबर समोर, उजव्या भिंतीवर, प्रवचनपीठ आहे. त्याच्या कठड्यावर येशू, चार शुभवर्तमानकार (येशूचे चरित्र लिहिणारे) आणि चार धर्मपंडित कोरलेले आहेत. त्याखाली वाकून पाहिल्यास ते सारे ओझे अंगावर पेलणाऱ्या सात आकृती आहेत. सकाळी त्यांच्याकडे फक्त एक नजर टाकून पुढे जावे. त्यांच्यासाठीच संध्याकाळी परत यायचे आहे.

मुख्य वेदी वाचायची ती खालून वर. तळाशी बाळ येशूची लहान मूर्ती, ज्याच्या नावाने हे चर्च आहे. ‘बॉम जीझस’ म्हणजे भला, पवित्र येशू. त्याच्यामागे जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची माणसाहून मोठी मूर्ती उभी आहे. ते भाविकांकडे पाहत नाहीत, वर पाहतात. त्यांच्या नजरेच्या रेषेत आपली नजर नेली की किरणांनी वेढलेली तबकडी आणि तिच्यात बाहेर पाहिलेली तीच तीन अक्षरे दिसतात. त्याच्याही वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही त्रिमूर्ती आहे. दोन्ही अंगांना पिळाचे खांब आहेत, म्हणजे दोरी पिळावी तसे वळत जाणारे. सरळ खांब भार पेलतो आणि स्वस्थ उभा राहतो, तर पिळाचा खांब नजरेला धरून वर चढवतो. येथे दुर्बीण काढावी आणि खांबांवरच्या वेलींचा माग घ्यावा.

पेटी, संगमरवर आणि एक राजदंड

वेदीच्या उजव्या हाताच्या उपदालनात संत फ्रान्सिस झेवियर यांचे स्मारक आहे. १५०६ साली स्पेनमधील नव्हारा प्रांतात जन्मलेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियन बेटावर वारले. त्यांचा देह आधी मलाक्का आणि मग १५५४ साली गोव्यात आणला गेला. गोव्यात त्यांना ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि नवस बोलायला येणाऱ्यांत हिंदूही असतात. आवाराबाहेर मेणबत्त्यांसोबत मेणाचे हात, पाय, डोळे, लहान मुले विकायला ठेवलेली दिसतात. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. याच झेवियर यांनी १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून येथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे धर्मन्यायालय, बसवण्याची मागणी केली होती आणि १५६० साली ते खरोखर बसले, हाही त्यांच्या चरित्राचा भाग आहे. दोन्ही गोष्टी ठाऊक ठेवून या पेटीसमोर उभे राहावे, असे मला वाटते.

स्मारकाचे दोन भाग दोन वेगळ्या मुलखांतले आहेत आणि पाहताना ते वेगळे करून पाहिले तरच त्याची गंमत कळते. खालचा संगमरवराचा आणि रंगीत दगडांचा चौथरा फ्लॉरेन्सहून आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने संताच्या डोक्याखालची उशी मिळाल्याच्या बदल्यात तो दिला, असे सांगतात. शिल्पकार जिओव्हानी बातिस्ता फोजिनी यांना त्याला दहा वर्षे लागली आणि १६९८ साली तो येथे उभा राहिला. चारी बाजूंच्या कांस्यफलकांवर संताच्या जीवनातील प्रसंग आहेत. वरची चांदीची पेटी त्याहून जुनी, १६३६-३७ सालची आणि गोव्याच्या सोनारांनी घडवलेली आहे. मार्सेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाच्या देखरेखीखाली ती झाली. तिच्या बाजूंवर उठावाच्या कामातले बत्तीस प्रसंग आहेत. खालच्या कांस्यफलकांत मोकळी हवा आहे, माणसे खोलीत मागेपुढे उभी आहेत. वरच्या चांदीच्या पत्र्यावर मात्र जागा रिकामी सोडलेली नाही, मंदिराच्या प्रभावळीसारखी ती भरून काढली आहे. एकच विषय, पण हात दोन परंपरांचे.

देह एरवी पाहायला मिळत नाही. दर दहा वर्षांनी होणाऱ्या शवप्रदर्शन सोहळ्यात तो से कॅथेड्रलमध्ये नेतात; गेला सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. म्हणून ‘आत काही दिसत नाही’ अशी तक्रार करत रांग अडवू नये. पेटीच पाहावी, तीच पाहण्यासारखी आहे.

मराठी वाचकाने येथे एक प्रसंग आठवावा. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने पोर्तुगीजांच्या राजधानीच्या, म्हणजे याच जुन्या गोव्याच्या, अगदी तोंडाशी असलेले जुवे बेट घेतले आणि ते परत मिळवण्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय काँद द आल्व्होर याचा प्रयत्न फसला. गोवे हातचे जाणार या भयाने व्हाइसरॉय याच चर्चमध्ये आला, संताची पेटी उघडवली आणि आपला राजदंड त्या देहापाशी ठेवून आता राज्य तुम्हीच राखा अशी विनवणी केली. पुढे मुघल शहजादा शाहआलम याची फौज कोकणात उतरल्यामुळे महाराजांना तिकडे वळावे लागले आणि गोवे वाचले. पोर्तुगीजांनी अर्थातच श्रेय संताला दिले आणि नवा गव्हर्नर आला की त्याने संताच्या समाधीपाशी राजदंड स्वीकारायचा, अशी प्रथाच पडली. संगमरवरी चौथरा तेव्हा नव्हता. चांदीची पेटी मात्र हीच होती.

तेथून सॅक्रिस्टीकडे, म्हणजे धर्मगुरूंच्या वस्त्रांच्या दालनाकडे जाणारी वाट आहे. पोप बाराव्या पायस यांनी १९५३ साली दिलेला सोन्याचा गुलाब या भागात जपलेला आहे. वरच्या मजल्यावरील आधुनिक चित्रांचे दालन वेळ असेल तर पाहावे, नसेल तर फारसे हुकले असे वाटून घेऊ नये.

टेकडी चढताना

बॅसिलिकेतून निघून पश्चिमेकडच्या ‘मोंते सांतो’, म्हणजे पवित्र टेकडीच्या रस्त्याला लागावे. चढण सौम्य, दहा-बारा मिनिटांची आहे, पण दुपारी बारानंतर ती तापते, म्हणून अकराच्या सुमारास निघणे बरे. खाण्याची सोय खाली रस्त्याकडेलाच उरकून घ्यावी. पातळभाजी-पाव आणि चहा मिळतो, त्याहून मोठी अपेक्षा ठेवू नये. वर पोहोचताच संत ऑगस्टीनच्या पडक्या चर्चचा ४६ मीटर उंच जांभ्याचा मनोरा दिसतो. याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या आणि २०२१ साली भारताने त्या जॉर्जियाला दिल्या. मनोरा पाहायला अर्धा तास पुरे, आणि तो परतताना पाहिला तरी चालेल.

समोरची भलीथोरली तीन मजली वास्तू म्हणजे सांता मोनिका मठ. १६०६ ते १६२७ या काळात तो ऑगस्टिनियन संघाच्या नन्ससाठी बांधला गेला, १६३६ साली आगीत सापडला आणि लगेच पुन्हा उभारला गेला. आशियातील सर्वांत मोठ्या स्त्री-मठांत त्याची गणना होई. आजही तेथे धर्मभगिनींचे शिक्षण चालते, म्हणून संग्रहालयाच्या पाट्या सोडून इतर दारे ढकलून पाहू नयेत.

संग्रहालय: कशासमोर किती थांबावे

हे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झाले आणि २००२ साली येथे आले. मधे दीर्घ दुरुस्तीसाठी ते बंद होते. २०२२ पासून नव्या मांडणीत पुन्हा खुले झाले. राशोल म्हणजे तेच ठिकाण, जेथे १६१६ साली येशूची कथा मराठी ओव्यांत छापली गेली. भाषेत जे तेथे घडले तेच लाकडात, चांदीत आणि हस्तिदंतात कसे घडले, ते येथे दिसते.

तिकीट घेतानाच छायाचित्रांचा नियम विचारावा आणि पिशवी ठेवायची असल्यास ठेवावी. मग सगळे पाहण्याचा हट्ट सोडावा. दीड-दोन तासांत आठ-दहा वस्तू नीट पाहिल्या तरी येणे सार्थकी लागते, आणि मी सुरुवात नेहमी हस्तिदंतापासून करतो.

हस्तिदंत मुख्यत्वे पूर्व आफ्रिकेतून पोर्तुगीज जहाजांनी येई आणि येथील कारागीर तो कोरत. सुळा स्वभावतः वाकडा असतो, त्यामुळे क्रुसावरचा येशू किंवा त्याची आई मारिया यांची उभी मूर्ती किंचित कललेली दिसते. कारागिराने तो बाक चुकवला नाही, अंगात घेतला. चेहऱ्याजवळ जावे. डोळे अर्धे मिटलेले, पापण्या जड, केसांच्या बटा ओळीने आखलेल्या: युरोपातील नमुन्यात हे नव्हते. गोव्याच्या हस्तिदंती कलेतला खास विषय म्हणजे ‘भला मेंढपाळ’. पायऱ्यांच्या डोंगरावर बाळ येशू गालाला हात लावून डोळे मिटून बसलेला असतो, कुशीत किंवा खांद्यावर कोकरू, खाली झरा आणि पाणी पिणारी मेंढरे, आणि अगदी तळच्या गुहेत आडवी झालेली येशूची शिष्या मारिया माग्दालेना. मिटल्या डोळ्यांनी ध्यानस्थ बसलेले हे मूल पाहताना आपल्याला बुद्धाची आठवण होते, आणि ती अनेक अभ्यासकांनाही झाली आहे.

यामागचा इतिहास मोठा बोलका आहे. गोव्यातील १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती पूजेच्या मूर्ती आणि वस्तू ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. पुढेही अशा मनाया काढाव्या लागल्या. मनाई पुन्हा पुन्हा करावी लागते याचा अर्थ ती पाळली जात नव्हती. कसबी सोनार आणि सुतार बरेचसे हिंदू होते आणि चर्चना वस्तू तर हव्याच होत्या. ज्याच्या हाताला देवळाचा कळस आणि प्रभावळ ठाऊक, त्याने देवदूताला घडवताना तेच वळण दिले.

चांदीच्या वस्तूंत एका गोलावर बसलेला पेलिकन पक्षी आहे. हा मठातीलच, सतराव्या शतकातला. ख्रिस्ती कथेप्रमाणे पेलिकन आपली छाती चोचीने फोडून पिल्लांना रक्त पाजतो, म्हणून तो येशूच्या आत्मबलिदानाचे प्रतीक ठरला. पवित्र साक्रामेंत, म्हणजे मिस्सातील ख्रिस्तप्रसाद, ठेवण्यासाठी आणि दाखवण्यासाठी हे पात्र होते. गोव्याच्या सोनाराने पेलिकन बहुधा कधी पाहिला नसावा. मला तरी त्या मानेच्या डौलात हंस दिसतो.

त्यानंतर फिरत्या मिशनऱ्यांची पेटी पाहावी. बंद असताना ती प्रवासी ट्रंक. उघडली की वेदी. मेणबत्तीदाण्यांपासून मिस्साच्या साहित्यापर्यंत सारे तिच्यात बसते. तिच्यासमोर मुलांना उभे करावे, कारण घडी कशी उलगडत असेल हे ती स्वतःच सांगू लागतात. बाळ येशूच्या मूर्तींनाही असेच घरगुती नाते आहे: त्यांना कपडे शिवत, मुकुट करत, सणाला नटवत. ज्यांच्या देवघरात रांगता बाळकृष्ण आहे आणि त्याच्यासाठी जरीचे अंगरखे शिवून ठेवलेले डबे आहेत, त्यांना हा प्रकार अनोळखी वाटणार नाही. चित्रे आणि जरतारी वस्त्रे मी वेगाने उरकतो. वस्त्रांच्या भरतकामात रस असणाऱ्यांनी मात्र तेथे वेळ द्यावा.

पुन्हा बॅसिलिकेत

चारच्या सुमारास टेकडी उतरावी. दर्शनी भिंत पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे या वेळी ऊन थेट तिच्यावर पडते, वसईच्या काळ्या दगडातील नक्षीला सावली मिळते आणि सकाळी सपाट वाटलेली चौकट खोल दिसू लागते. फोटो काढायचा तो आता.

आत गर्दी ओसरलेली असते. या वेळी पेटीच्या रांगेत उभे राहू नये, सरळ उजव्या भिंतीपाशी जाऊन प्रवचनपीठाखाली बसावे. संग्रहालयात पाहिलेले चेहरे डोळ्यांत ताजे असतात, त्यामुळे त्या सात आकृतींचे पोट, खांदे आणि ओझे घेण्याची ढब पाहताच आपल्या देवळांच्या खांबांवरचे भारवाहक यक्ष आठवतात. मग त्याच नजरेने वेदीवरच्या देवदूतांकडे पाहावे आणि शेवटी चांदीच्या पेटीकडे, यावेळी दुर्बिणीने, एकेक प्रसंग घेत. बत्तीसपैकी रांगेच्या बाजूने दहा-बारा तरी दिसतात. साडेपाचपर्यंत बाहेर पडले तर पणजीची बस उभ्याने करावी लागत नाही. आणि पाऊस असेल तर बाकाखाली छत्री राहिली नाही ना, ते पाहून निघावे.